ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर: बारापैकी अकरा स्क्रू सुटले

गाडी माझ्याकडे आली तेव्हाच तिच्यावर रंगाचे तीन थर होते. शेवटचा थर देणाऱ्याने मास्किंग टेपचं नावही ऐकलेलं नसावं. दाराचं रबर, वायरची क्लिप, बिजागरीचे स्क्रू, समोर आलं त्यावर ब्रश फिरवला. मला दोन्ही दारं उतरवायची होती. चार बिजागऱ्या, प्रत्येकीला तीन, म्हणजे बारा स्क्रू. सगळे पत्र्यात बुडालेल्या डोक्याचे, आणि त्यांच्या चौफुली खाचा रंगाने इतक्या लिंपलेल्या, की बोट फिरवल्यावरच तिथे काहीतरी आहे हे कळायचं.

आधी सगळे जे करतात तेच केलं. मोठा स्टार स्क्रूड्रायव्हर लावला, अंगाचा भार टाकला आणि पिळला. तो खाचेतून उसळला आणि रंगासोबत थोडं लोखंडही सोलून गेला. असं दोन-तीनदा झालं की खाच वाटीसारखी गोल होते, मग त्या स्क्रूवर आपली सत्ता उरत नाही. म्हणून पहिल्याच स्क्रूवर थांबले आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मागवला. बॅटरीवर घरघरणारा नव्हे. हा नुसता लोखंडाचा जाडजूड दांडा, मुठीत मावेल एवढा.

यात बिघडण्यासारखं काही नाही. आत एक तिरकी खाच असते. डोक्यावर घाव बसला की पुढचा भाग दाबला जाताना किंचित फिरतो. पण खरी मेख अशी की बिट, म्हणजे स्क्रूच्या खाचेत जाणारं टोक, ज्या क्षणी फिरतं, त्याच क्षणी तोच घाव त्याला खाचेत खाली दाबतो. हाताने पिळताना आपण नेमके इथेच हरतो, कारण पीळ वाढला की बिट वर चढायला बघतं. शिवाय हादऱ्याने आट्यांमधला गंजही तडकतो.

एक कबुली. पहिले चार घाव मी स्क्रू आणखी आवळण्यात घालवले. दांड्याला फिरवून दिशा ठरवायची असते आणि आलेला नग घट्ट करायच्या बाजूला होता. पेटीतल्या चिठ्ठीवर याबद्दल अवाक्षर नाही. दिशा बदलल्यावरही दांडा सोडायच्या बाजूला पिळून धरूनच ठोकावं लागतं, नाहीतर घाव आतल्या ढिलाईतच जिरतो. हातोडी किलोभराची, आखूड दांड्याची हवी. हलकी नुसती उडते, आपण दहादा ठोकतो आणि खाच मात्र बिघडते.

बिट्सबद्दल मात्र तक्रार आहे. सोबत आलेल्यांपैकी तीन नंबरचं स्टार बिट दुसऱ्याच घावाला एका पाकळीवर चिरलं. दांडा उत्तम आणि बिट्स लोण्याची, असा हा जोड आहे. चांगल्या पोलादाची, आठ मिलिमीटर षटकोनी बुडाची बिट्स वेगळी घेतली आणि मग काम रांगेला लागलं. मापात काटकसर नको. मोठ्या स्क्रूत दोन नंबरचं बिट बसल्यासारखं वाटतं, पण ते तळाला टेकून डुलत असतं. जुन्या जपानी मोटरसायकलींच्या इंजिनावरचे स्क्रू दिसायला असेच असले तरी त्यांची खाच जपानी मापाची असते. बऱ्याचदा डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. तिथे साधं स्टार (फिलिप्स) बिट लावलं तर तेही उसळतंच.

ड्रायव्हरइतकंच श्रेय रंग काढण्याला आहे, आणि वेळही तिथेच गेला. रंगावरून तेल नुसतं ओघळतं, आट्यांपर्यंत पोचतच नाही. म्हणून प्रत्येक डोक्याभोवती धारदार पात्याने गोल चीर पाडली, टोकदार सळईने खाच कोरली, आणि तळाला चकचकीत धातू दिसेपर्यंत सोडलं नाही. तळाशी रंगाचा पापुद्रा राहिला तर बिट पूर्ण बसत नाही. मग गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवलं. सकाळी बिट बसवून दोन-चार घाव मारले, पुन्हा तेल, आणि तासाभराने खरा प्रयत्न. पहिल्यांदा 'टक्' असा कोरडा आवाज येतो आणि डोक्याभोवतीच्या चिरेत केसाएवढी फट दिसते. तिथून पुढे साधा ड्रायव्हर पुरतो.

असे नऊ सुटले. दोन हलेनात. त्यांचं तेल पुसून, रबर आणि वायर बाजूला करून, डोकी छोट्या गॅस टॉर्चने तापवली आणि निवू दिली. तापून फुगताना आणि निवून आक्रसताना गंजाची पकड मोडते. दोन्ही तिसऱ्या घावाला सुटले. तेलावर आणि पेट्रोलच्या आसपास ज्योत नकोच, आणि ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागी तर मुळीच नको. काही क्लीनरमधल्या क्लोरीनच्या द्रावकापासून उष्णतेने विषारी वायू तयार होतो.

बारावा तोच, ज्याची खाच मी स्क्रूड्रायव्हरने आधीच खाल्ली होती. त्याचं डोकं ड्रिलने उडवावं लागलं. बिजागरी निघाल्यावर उरलेला खुंट पकडीने धरला, तर विनासायास फिरला. अडकलं होतं ते फक्त डोकं!

दार उतरवण्याआधी बिजागरीभोवती रेघ मारून ठेवा, नाहीतर बसवताना दार आणि चौकट यांची फट जुळवत बसाल. आणि दाराखाली लाकडाचे ठोकळे द्या. दार लोंबकळत असेल तर शेवटचा स्क्रू त्या वजनानेच आवळलेला राहतो.

ब्रेक डिस्क धरून ठेवणाऱ्या बारक्या स्क्रूंवरही ड्रायव्हर वापरला, तिथे तर रामबाण. सायलेन्सरच्या गंजक्या लांब बोल्टवर मात्र जाऊ नका. तिथे उष्णता आणि सहा कोनी गोटीच (बोल्टच्या डोक्यावर बसणारा वाटीसारखा पाना) कामाची. बेअरिंगजवळ ठोकू नका, गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात. पातळ ॲल्युमिनियमच्या झाकणावर हात आवरून. या दांड्यावर गोटीही बसते, पण काळी इम्पॅक्टचीच वापरा; चकचकीत क्रोमवाली फुटली की तुकडे तोंडाकडे येतात. डोळ्यांवर चष्मा हवाच.

दांड्याला साडेचार तारे, बिट्सना एक. मुठीला रबरी कडं असतं तर अंगठ्याचं नख वाचलं असतं. बारा स्क्रूंनंतर ठोकायच्या टोपीची कड थोडी उलटली आहे. ती कानशीने घासून घेतली, कारण अशा कडेचाच कपचा उडतो.