आरओचा टीडीएस हाताने वाढवून आईबाबांना ७,९०० ला फसवलं, बडोदेकरांनो सावध राहा

बडोद्यात ज्यांच्याकडे आरओ आहे आणि दुपारच्या वेळी घरात फक्त म्हातारे आईवडील असतात, त्यांनी हे पूर्ण वाचा आणि आजच घरी फोन करून सांगा. माझ्या आईबाबांचं घर दांडिया बाजारात आहे, मी राहतो कारेलीबागला. त्यांच्या आरओचं सगळं मीच बघतो, फिल्टर बदलणं, पंप बघणं, मला आवडच आहे या कामांची. पण नेमका मी ऑफिसच्या कामाने भरुचला होतो तेव्हा हे झालं.

पाणी बारीक यायला लागलं होतं, टाकी भरायला अर्धा दिवस लागायचा. पावसाळ्यात आमच्याकडे नळाला गढूळ पाणी येतं त्यामुळे बाहेरचा सेडिमेंट फिल्टर (गाळ अडवणारा) लवकर भरतो, तेवढंच झालेलं होतं, दीडशे-दोनशे रुपयांचं काम. बाबांनी मला उगाच त्रास नको म्हणून मोबाईलवर कंपनीचं नाव आणि 'कस्टमर केअर वडोदरा' टाकलं आणि जो नंबर सगळ्यात वर आला तो लावला. समोरचा माणूस अगदी सराईत, कंपनीचं नाव घेऊनच फोन उचलला, मॉडेल विचारलं, कम्प्लेंट नंबर पण दिला, आणि तासाभरात टेक्निशियन दारात. टी-शर्टवर कंपनीचा लोगो, गळ्यात कार्ड. आता बाबांनी अजून काय बघायचं होतं सांगा.

त्याने मशीनला हातच लावला नाही आधी. बॅगेतून ते रॉडवालं यंत्र काढलं, ज्याचे चार पाय पाण्यात बुडवतात. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतलं 'आमच्या कंपनीचं प्युअर पाणी', आणि प्लग लावला. दोन मिनिटांत नळाचं पाणी हिरवट, मग तपकिरी, वर घाण फेस, तळाला गाळ, आणि बाजूचा ग्लास स्वच्छच्या स्वच्छ. आणि मग आईकडे वळून, "मासी, तमे आ पाणी पीओ छो? छोकरांओने पण आ ज आपो छो?" (तुम्ही हेच पाणी पिता? पोरांनाही हेच देता?) आणि सुरू झाला, किडनी स्टोन, हाडं, केस गळणं, सगळं. माझी मुलगी शाळेतून आजीकडेच येते. आईने मला नंतर सांगितलं की तिला तेव्हा काही सुचेचना, मी नातीला हे पाजत होते एवढंच डोक्यात. मला ७,९०० रुपयांपेक्षा याचा राग जास्त आहे. पैसे कमावता येतात, पण कोणाच्या घरात जाऊन आजीच्या मनात अशी भीती घालायची, हे कसलं पोट भरणं.

त्या यंत्राचं खरं काय आहे ते सांगतो. त्यात दोन रॉड लोखंडाचे आणि दोन ॲल्युमिनियमचे असतात. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे क्षार असतात, साहजिक आहे, कुठल्याही नदी-तलावाच्या पाण्यात असतात, आणि क्षार असले की वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडाचा रॉड विरघळायला लागतो आणि त्याचाच गंज-गाळ पाण्यात दिसतो. म्हणजे ती घाण पाण्यातली नाहीच, रॉडची आहे! आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, वीजच वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. बाजारातली सीलबंद मिनरल वॉटरची बाटली त्यात ओतली तर तीसुद्धा थोड्याफार प्रमाणात अशीच गढूळ होईल, पण हे लोक ते कधी करून दाखवत नाहीत.

मग दुसरा भाग, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण याबद्दल कोणी बोलत नाही. त्याने आरओचं कव्हर काढलं, आत हात घातला, 'लाईन साफ करतो' म्हणत थोडा वेळ पाणी वाहू दिलं, आणि मग टाकीत जाणाऱ्या नळीतलं पाणी ग्लासात घेऊन टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा मीटर बुडवला. २१० आला. "काका, मेम्ब्रेन गई, पंप पण वीक छे." मेम्ब्रेन म्हणजे क्षार अडवणारी आतली गाळणी. बाबांना टीडीएस माहीत आहे, मीच शिकवलेलं, आणि आकडा तर समोर दिसतोय. बरेच आरओ असे असतात की मेम्ब्रेनजवळ एक छोटा व्हॉल्व्ह असतो, त्याला टीडीएस कंट्रोलर म्हणतात. तो उघडला की मेम्ब्रेनमधून न गेलेलं पाणी थोडं शुद्ध पाण्यात मिसळतं, म्हणजे पाणी अगदीच बेचव होऊ नये. पूर्ण उघडला की टीडीएस चढतो, पूर्ण बंद केला की धाडकन उतरतो. मेम्ब्रेन तीच, पाणी तेच, फक्त बोटाने व्हॉल्व्ह फिरवायचा.

काम झाल्यावर त्याने परत मीटर बुडवला, १८! बाबांनी मला भरुचला फोन करून कौतुकाने सांगितलं, अरे १८ आला, एवढा कमी तुझ्या हातून कधी आला नव्हता. तेव्हाच मला खटकलं. त्या मशीनचा व्हॉल्व्ह मी मुद्दाम ६०-६५ च्या आसपास येईल असा लावून ठेवला होता आणि त्यावर मार्करने रेघ मारली होती.

रात्री पोचलो तसं कव्हर उघडलं. व्हॉल्व्ह माझ्या रेघेवरून हलून पार बंद. पंपावर कोरं स्टिकर चिकटवलेलं, ते सोलल्यावर खाली जुनाच सीरियल नंबर, माझ्या फोनमध्ये फोटो आहे त्याच्याशी जुळला, पंप बदललेलाच नाही, फक्त पुसलेला. मेम्ब्रेन मात्र बदलली होती, मी गेल्या दिवाळीच्या आधी घातलेली चांगली मेम्ब्रेन, जिच्या टोकाला मी तारीख लिहिलेली, ती गायब, आणि आत कुठल्यातरी बिननावाची, बॅच नंबर नाही, रबराची रिंग झिजलेली, सरळ कोणाच्या तरी घरातून काढलेली. जुनी मेम्ब्रेन 'कंपनीत जमा करावी लागते' म्हणून घेऊन गेला. म्हणजे ती आता अजून कोणाच्या तरी घरी 'नवीन' म्हणून लागणार. बाहेरचा सेडिमेंट फिल्टर तेवढा खरंच नवा टाकलाय, आणि पाण्याची धार त्यानेच सुधारली.

मी व्हॉल्व्ह उघडून बघितला, थोड्या वेळात आकडा दोनशेच्या वर. बंद केला, खाली आला. बाबांना शेजारी बसवून हे करून दाखवलं, ते बराच वेळ गप्प होते.

आईसाठी वेगळं केलं, कारण तिला आकड्यांशी देणंघेणं नाही, तिला तो हिरवा ग्लास डोळ्यासमोरून जात नव्हता. माझ्याकडे आरओचा जुना २४ व्होल्टचा ॲडॅप्टर पडलेला आहे, त्याच्या दोन वायरींना दोन लोखंडी खिळे लावले. (घरी करून बघायचं असेल तर असाच कमी व्होल्टचा ॲडॅप्टर घ्या आणि चालू असताना पाण्यात हात घालू नका, भिंतीच्या प्लगमधून सरळ वायर काढून तर मुळीच करू नका.) आरओच्या पाण्यात खिळे बुडवले, काही नाही. त्याच ग्लासात स्वयंपाकघरातलं चिमूटभर मीठ टाकलं, आणि थोड्याच वेळात तोच हिरवट-तपकिरी गाळ. आई म्हणाली, म्हणजे मिठाने पाणी खराब झालं? म्हटलं नाही गं, खिळा विरघळतोय. मग दुसऱ्या ग्लासात आरओच्या पाण्यात दोन चमचे साखर ढवळून मीटर बुडवला, आकडा जवळपास होता तिथेच. कारण तो मीटर फक्त वीज किती वाहते त्यावरून क्षार मोजतो. साखर त्याला दिसत नाही तसे जंतूही दिसत नाहीत. त्यानंतर कुठे तिचा चेहरा सैल झाला.

आता आकड्यांचं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५००, २०१२ सालचं, त्यात टीडीएस ५०० पर्यंत चांगला धरलाय, आणि दुसरं पाणीच मिळत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या म्हटलंय. शहरात मही नदीतल्या फ्रेंच विहिरींचं आणि आजवा तलावाचं पाणी येतं, आमच्या नळाला मी मोजतो तेव्हा २८० च्या आसपास असतं. म्हणजे त्या भल्या माणसाने २१० दाखवून घाबरवलं तो आकडाच मुळात पिण्यालायक आहे! २०१९ मध्ये एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाने, तर ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओ वापरूच नये असं सरकारला सांगितलं होतं. बोअरवेलचं पाणी असलेल्या सोसायट्यांची गोष्ट वेगळी, तिथे आरओ लागतो. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी घराघरात शिरलं होतं तेव्हा काळजी जंतूंची होती, त्याला उकळणं किंवा क्लोरीन, टीडीएस मीटर तिथे काही कामाचा नाही.

बिलाबद्दल पण लिहितो. लोगो झेरॉक्सवरचा, अंधुक. जीएसटी नंबर छापलेला होता पण १२ च अक्षरं. खरा नंबर १५ अक्षरी असतो आणि गुजरातचा असेल तर २४ ने सुरू होतो, जीएसटीच्या साइटवर टाकला की नाव दिसतं. पैसे क्यूआरवर घेतले, आणि खात्याचं नाव कंपनीचं नाही, कोणा एका माणसाचं. मेम्ब्रेनचे ३,२००, पंपाचे २,८००, 'किट'चे १,५०० आणि सर्व्हिस चार्ज वेगळा. तशी मेम्ब्रेन मी रावपुऱ्यातून हजार-बाराशेला आणतो.

त्याच रात्री १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, नंतर सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, बँकेला मेल केला. १९३० ला जितक्या लवकर फोन कराल तितकं चांगलं, पैसे पुढे सरकायच्या आत थांबवता येण्याची शक्यता असते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथेही नोंदवलंय. पैसे अजून परत आलेले नाहीत. खऱ्या कंपनीच्या नंबरवर, जो मशीनच्या मागच्या स्टिकरवर छापलेला असतो, तिथे विचारलं तर त्यांच्याकडे आमच्या नावावर कुठलीच कम्प्लेंट नव्हती.

तुमच्याकडे कोणी आलाच तर टीडीएस मोजायच्या आधी सांगा की व्हॉल्व्ह पूर्ण बंद कर आणि मग मोज. नळाचं पाणी ३०० आणि आरओचं ३० असेल तर मेम्ब्रेन दहातले नऊ भाग क्षार अडवतेय, तिला काही झालेलं नाही. ६०-७० च्या पुढे जायला लागलं तर बदलायचा विचार करा. आणि जुना पार्ट घरातच ठेवून घ्या, कितीही म्हणू दे कंपनीत जमा करायचाय, पैसे तुम्ही दिलेत तर वस्तू तुमची. पंप, मेम्ब्रेन, ॲडॅप्टर सगळ्यांचे नंबर दिसतील असे फोटो काढून ठेवा, मला त्या फोटोनेच पंपाचं कळलं नाहीतर आम्ही २,८०० चा नवीन पंप लागला असंच समजून बसलो असतो.

तो नंबर अजून चालू आहे. काल मित्राच्या फोनवरून लावला, या वेळी त्याने दुसऱ्याच कंपनीचं नाव घेऊन उचलला, आणि पहिला प्रश्न, घरी कोण कोण असतं काका?