पेटीवाल्याच्या कानाने 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन'

सांगलीत भजनाला पेटी धरणारा मी. रॉक म्हणजे गिटारचा गोंगाट एवढीच समजूत. भाच्याने विश्रामबागेतल्या त्याच्या खोलीवर इमर्सन, लेक अँड पामर या इंग्लिश रॉक बँडचा हा १९७१चा अल्बम लावला आणि माझा चहा गार झाला. रशियन संगीतकार मुसोर्ग्स्कीची १८७४ची पियानोरचना, इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या सभागृहात लोकांसमोर वाजवलेली. सुरुवातीचा 'प्रॉमनेड' हा तुकडा तिथल्याच पाइप ऑर्गनवर. तो भरदार सूर ऐकून माझी बोटं मांडीवर चालायला लागली, डावा हात भाता शोधू लागला. कीथ इमर्सनचा हॅमंड, म्हणजे विजेवरचा ऑर्गन, मात्र मधेच नुसता किंचाळतो. आमच्या बुवांनी डोळे वटारले असते. 'द सेज'मध्ये ग्रेग लेक साधी गिटार घेतो, तेव्हा कुठे जिवाला बरं वाटतं. शेवटचं 'नटरॉकर' चायकोव्स्की या दुसऱ्या रशियन संगीतकाराच्या धुनेवर बेतलेलं. मजेशीर, पण श्रीखंडावर भडंग. मोठ्या स्पीकरवरच ऐका, शेजारी गावाला गेल्यावर.