ग्रॅनी स्मिथ: गणपतीपासून शिमग्यापर्यंत स्वयंपाकात वापरून

आधीच सांगतो, नुसतं चिरून खायला घेणार असाल तर हे हिरवं सफरचंद घेऊ नका, पोरं तोंड वाकडं करतात आणि किलोला पैसेही सिमल्याच्या लाल सफरचंदापेक्षा जास्त जातात. पण कैरी संपली की आंबट काय घालायचं हा प्रश्न ज्यांच्या घरात पडतो त्यांच्यासाठी लई कामाचं फळ आहे.

मेथांबा सगळ्यात भारी झाला. साल काढायची नाही, जाड फोडी ठेवायच्या, तेलात मोहरी, मेथीदाणे, हिंग, हळद, मग फोडी, आपली कांदा-लसूण चटणी नि शेवटी गूळ. कैरीला जेवढं शिजवता त्याच्या निम्म्यातच गॅस बंद करा, फोड आकार धरते खरी पण वेळ चुकली की लगदा. गूळ पण कैरीच्या मापानं घालू नका, फळात मुळातच साखर आहे, गोडमिट्ट होतं. आई म्हणाली बरा झालाय पण कैरीचा वास नाही. बरोबरच आहे, आंबटपणा मिळतो, वास नाही मिळत, म्हणून पन्ह्याच्या नादाला लागू नका, नुसतं आंबटगोड पाणी होतं ते.

गुळांबा मात्र कैरीच्या तोडीचा. या फळात पेक्टिन भरपूर असल्यानं आपोआप दाटून येतो, वेगळी पावडर लागत नाही. कीस आधी वाफवून घ्या आणि मगच गूळ, कच्च्यावर गूळ पडला तर कीस चिवट राहतो. भडंगात बारीक चिरून, लिंबू पिळून, एकदम झकास! लोणचं घातलं तर फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवायचं, वर्षाच्या बरणीचं काम नाही हे.

टिकायला दणकट, फ्रीजच्या खालच्या ड्रॉवरमध्ये महिनाभर कडक राहतं. फक्त कोथिंबिरीशेजारी ठेवू नका, सफरचंदातनं निघणाऱ्या इथिलीन गॅसनं ती पिवळी पडते. वरचं मेण कोमट पाण्यात चोळून धुतलं की थोडंफार जातं.

जात जुनी आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ ईस्टवुडला मारिया ॲन स्मिथ या म्हातारीच्या बागेत आपोआप उगवलेलं रोप, १८६८ साली तिथल्या बागायतदारांच्या नजरेत आलं, १८७० ला बाई वारल्या आणि आज जगभर आजीच्या नावानं विकलं जातंय. तिथनं पुढं सगळी झाडं कलमांचीच, बी लावून तेच फळ येत नाही, त्यामुळं खाल्लेल्या सफरचंदाच्या बिया कुंडीत टोचणाऱ्यांनी जरा दमानं घ्या.

परसात लावायचा विचार असेल तर कोल्हापुरात ही जात नको. तिला ७ अंशांखालची थंडी शेकडो तास लागते, आपण जानेवारीत स्वेटर घालून रंकाळ्यावर फिरतो ती थंडी तिच्या हिशेबात धरतच नाहीत. पानं येतील, फळाची आशा नको. हौसच असेल तर कमी थंडीत येणाऱ्या जाती बघा, हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांची एचआरएमएन-९९ किंवा इस्रायलची ॲना, आणि ॲना लावली तर परागासाठी शेजारी डॉर्सेट गोल्डनसारखी दुसरी जात असलेली बरी. आणि ‘ग्रीन ॲपल’ म्हणून काही रोपवाले ॲपल बोर गळ्यात मारतात, तेव्हा पैसे द्यायच्या आधी पान उलटं करून बघा, खालनं पांढरट लव आणि फांदीला काटे दिसले तर ते बोर.