वंशावळीचं सॉफ्टवेअर, ब्रिटिश जनगणना आणि १९३१ चा लाल ठिपका

नव्या आवृत्तीचे पैसे भरले, फाइल उघडली, आणि विसाव्या शतकातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या नावापुढे लाल ठिपका. त्यावर माउस नेला की पाटी येते, 'जनगणना १९३१ : नोंद नाही'. अहो, नसणारच! इंग्लंड-वेल्सच्या १९३१ च्या जनगणनेचे कागद डिसेंबर १९४२ मध्ये लंडनजवळच्या हेजच्या गोदामाला आग लागून खाक झाले. १९४१ ला युद्धामुळे जनगणनाच झाली नाही, ते साल या सॉफ्टवेअरवाल्या मंडळींनी बरोबर वगळलंय. मग १९३१ वर एवढं प्रेम का?

हेल्पडेस्कला लिहिलं. उत्तर आलं की स्कॉटलंडवाल्यांना तो रकाना लागतो. स्कॉटलंडचे १९३१ चे कागद शाबूत आहेत हे खरं, पण शंभर वर्षं पुरी होईपर्यंत ते बंदच राहणार. मग आज त्या रकान्यात भरायचं काय? हेही कळवलं. 'आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे.' हे वाक्य आयुष्यभर सरकारी पत्रांत फुकट वाचलं, आता त्यासाठी पौंड मोजतोय.

तुम्ही म्हणाल, ठिपक्याचं एवढं काय? सांगतो. आमच्या सूनबाई इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या, माहेरचं घराणं पिढ्यान् पिढ्या कापडगिरणीतलं. आमच्याकडे छापील कुलवृत्तांत आहे. नातवाची वंशावळ करायची तर आईची बाजू कोरी ठेवून कसं चालेल, म्हणून हा उद्योग मागे लावून घेतला. कुलवृत्तांत मुलग्यांच्या मागोमाग चालतो. मुली एका ओळीत लग्न होऊन निघून जातात. जनगणनेला घराण्याशी देणंघेणं नाही. त्या रात्री छपराखाली जो असेल तो कागदावर येतो, मग ती सासू असो, पोटभाडेकरू असो की चार दिवसांचं तान्हं बाळ. आपल्याकडच्या जनगणनेत हे बघायची सोय नाही, कारण १९४८ च्या कायद्यानं माणसामाणसाच्या नोंदी कुणालाच पाहायला मिळत नाहीत. इथे ब्रिटनमध्ये मात्र १८४१ ते १९२१ पर्यंतचं सगळं खुलं आहे.

आता नोंदी भरण्याबद्दल. इथे तक्रारीला जागा नाही. जनगणनेच्या पानासारखाच तक्ता उघडतो: नाव, कुटुंबप्रमुखाशी नातं, वय, धंदा, जन्मगाव. संपूर्ण घर एकदाच भरायचं. संदर्भही एकदाच: १८८१ असेल तर आरजी ११ (त्या सालच्या कागदांचा सांकेतिक क्रमांक), मग पीस (गठ्ठा), फोलिओ (त्यातला कागद), पान. सॉफ्टवेअर ते घरातल्या सगळ्यांना जोडून देतं. पीसचा आकडा चुकला तर एका जागी दुरुस्त केला की झालं. आधी मी हे एक्सेलमध्ये करत होतो, त्यामुळे ही सोय केवढी मोठी आहे ते मलाच ठाऊक.

१८४१ ची गोमही यांना कळलेली दिसते. त्या साली पंधरा वर्षांवरच्यांची वयं साधारणपणे पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची होती. ३९ वर्षांचा माणूस कागदावर ३५ चा. बाकीची सॉफ्टवेअर ३५ वाचून 'जन्म अंदाजे १८०६' ठोकून देतात, आणि १८५१ ला तोच माणूस ४९ चा निघाला की जन्माच्या दोन तारखा होऊन बसतात. हे सॉफ्टवेअर '१८०१ ते १८०६ दरम्यान' असं लिहितं.

पण सॉफ्टवेअर विकत घेतलं ते क्वेरीसाठी, म्हणजे भरलेल्या नोंदींना प्रश्न विचारण्यासाठी. काय भरलंय हे कुठलाही तक्ता सांगेल. काय भरायचं राहिलंय हे विचारता आलं पाहिजे: १८९१ ला जिवंत होता, पण माझ्याकडे त्या सालची नोंद नाही, असे कोण? ही यादी म्हणजे पुढच्या कामाचा कागद. तो घेऊनच मी लायब्ररीत जातो. तिथे वंशावळीची मोठी साइट फुकट बघता येते. घरून बघायची तर वर्षाची वर्गणी. आता या यादीत १९३१ चे ढीगभर लोक येऊन बसले की खरी शोधायची माणसं त्यात हरवतात. शिवाय मृत्यूची तारीख नसलेल्या प्रत्येकाला हे सॉफ्टवेअर ११० वर्षं जगवतं. ती मर्यादा सेटिंगमध्ये ९० करता येते, तेवढी आधी करा.

इतकं लिहून दोन तारे देऊन मोकळा होणार होतो. मग १९११ हाती घेतलं, आणि मत बदललं.

१९११ च्या फॉर्मवर लग्न झालेल्या बाईला विचारलंय: लग्नाला किती वर्षं, जिवंत जन्मलेली मुलं किती, हयात किती, वारलेली किती. तक्त्यात याला जागाच नव्हती, आकडे टिपेत कोंबावे लागत, आणि टिपेतल्या आकड्यांवर क्वेरी चालत नाही. माझ्या मते हा ठिपक्याहून मोठा दोष, पण यावर उपाय सापडला. स्वतःचा 'फॅक्ट', म्हणजे नोंदीचा नवा प्रकार, तयार करून त्यात आकड्यांचे रकाने देता येतात. ते केलं, आणि क्वेरी लिहिली की वंशावळीतली मुलं १९११ ला सांगितलेल्यांपेक्षा कमी आहेत अशी कुटुंबं दाखव.

पहिलंच नाव सूनबाईंच्या खापरपणजीचं. लग्नाला २१ वर्षं, जन्मलेली ९, हयात ५, वारलेली ४. माझ्याकडे नावं सहाच. तीन मुलं दोन जनगणनांच्या मधल्या काळात जन्मून गेलेली, म्हणून कुठल्याच पानावर नाहीत. जन्मनोंदणीच्या सरकारी सूचीत आईचं माहेरचं आडनाव घालून शोधता येतं, तेही फुकट. आडनाव आणि ओल्डहॅम घातलं, तिघं निघाली. मृत्यूच्या सूचीत एकाचंही वय दोनाच्या वर नाही. सूनबाईंना दाखवलं तर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "बाबा, यांचीही नावं घाला."

विधवांनी हे रकाने भरायचे नव्हते. पुष्कळजणींनी तरीही भरले आणि कचेरीत कारकुनानं त्यावर रेघ मारली. रेघेखालचे आकडे वाचता येतात. मी तेही भरतो.

बाहेर काढतानाचं दुखणं मात्र आहे. जेडकॉम (वंशावळ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचा ठरलेला साचा) फाइल करून ग्रॅम्प्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर एकेका घराच्या माणसागणिक सुट्या नोंदी झाल्या, आणि माझे १९११ चे आकडे पुन्हा टिपेत. यात ग्रॅम्प्सचा दोष नाही. जेडकॉममध्ये जनगणना एका माणसाला किंवा एका कुटुंबाला जोडता येते. पोटभाडेकरू आणि मोलकरीण कुटुंबात मोडत नाहीत, मग त्यांना त्या घरात बसवणार कुठे?

तर चार तारे. पाचवा १९३१ नं खाल्ला. घ्यायचं असेल तर चाचणी आवृत्तीत १९११ चं एक मोठं घर, पोटभाडेकरूसकट, भरून बघा आणि लगेच बाहेर काढून बघा. जुनी आवृत्ती असेल तर नवीला पैसे घालू नका. तक्ता तोच आहे, आणि स्वतःचा फॅक्ट त्यातही करता येतो.