निकॉन डी७५० वरून सोनी ए७ फोरवर : आठ महिन्यांनंतर

सातारा-कराड परिसरातील लग्नांचे छायाचित्रण मी नऊ वर्षे निकॉन डी७५० या आरशाच्या (डीएसएलआर) कॅमेऱ्यावर केले. गेल्या तुळशीच्या लग्नानंतर सोनी ए७ फोर हा आरसा नसलेला (मिररलेस) कॅमेरा आणि २४-७० मिमी जीएम टू ही झूम लेन्स घेतली. एफटीझेड हा जोडणारा अ‍ॅडॉप्टर लावून माझ्या जुन्या लेन्स निकॉनच्याच मिररलेस झेड कॅमेऱ्यावर चालवणे स्वस्त पडले असते. परंतु माझा सहकारी आधीपासून सोनीवर काम करतो आणि धावपळीत लेन्स व बॅटरी एकमेकांना देता येणे आम्हाला अधिक मोलाचे वाटले.

सर्वांत मोठा फरक फोकसमध्ये पडला. डी७५० चे ५१ फोकस बिंदू मध्यभागी दाटलेले असल्यामुळे चेहरा कडेला ठेवायचा असेल, तर आधी मध्ये फोकस धरून मग चौकट सरकवावी लागे, आणि एफ/१.८ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र मोठे उघडून स्पष्ट दिसणारा पट्टा अगदी अरुंद झालेला असताना, तेवढ्यात डोळ्याऐवजी कान स्पष्ट येई. आता अंतरपाट दूर होताना, अक्षता उडत असताना आणि मुंडावळ्या गालांवर हलत असतानाही कॅमेरा बहुतेक वेळा वधूचा डोळा धरून ठेवतो. फोकसची मोजणी सेन्सरवरच होत असल्याने प्रत्येक लेन्स बॉडीशी जुळवून घेण्याचा जुना खटाटोपही संपला.

मात्र पहिल्याच हळदीला मी अडखळलो. फ्लॅश लावून मॅन्युअलवर शटर १/२०० सेकंद आणि छिद्र एफ/५.६ ठेवताच व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट झाला, कारण फ्लॅशचा उजेड हिशेबात न घेता तो केवळ सेटिंगनुसार येणारे चित्र दाखवतो. मेनूमधील ‘सेटिंग इफेक्ट’ बंद केला की अडचण मिटते; ती सोय मी आता एका बटणावर ठेवली आहे. पुढच्या लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी आवाज नको म्हणून सायलेंट शटर वापरले, तेव्हा एलईडी दिव्यांखालील फोटोंवर आडवे पट्टे उमटले. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि तेवढ्या वेळात दिवे लुकलुकतात, हे ठाऊक असूनही चूक झाली. तेव्हापासून मांडवात यांत्रिक शटरच. तसेही भटजींच्या माइकपुढे त्याचा आवाज कोणाला ऐकू जाणार?

बॉडी आणि २४-७० मिळून पूर्वी सुमारे १,७४० ग्रॅम भरत, आता १,३५३. रात्री वरात आटोपल्यावर मनगटाला हा फरक कळतो. बॅटरीचे गणित मात्र उलटे आहे. प्रमाणित चाचणीत डी७५० चे १,२३० फोटो होतात, तर ए७ फोरचे व्ह्यूफाइंडरवर ५२०. सलग काम करताना प्रत्यक्षात याहून बरेच अधिक निघतात, तरी पूर्वी दोन बॅटऱ्यांत दिवस सरे, आता चार ठेवतो. आरसा नसल्यामुळे लेन्स काढताच सेन्सर उघडा पडतो, म्हणून कॅमेरा बंद करताना शटर मिटण्याची सोय मी पहिल्याच दिवशी सुरू केली.

खर्चाबद्दल स्पष्टच सांगतो. विकलेल्या जुन्या लेन्सना खरेदीच्या निम्मीही किंमत आली नाही. निकॉनच्या फ्लॅशचे टीटीएल (लेन्समधून उजेड मोजून फ्लॅशची तीव्रता आपोआप ठरवणारी सोय) सोनीवर चालत नसल्याने फ्लॅश नवे घ्यावे लागले, आणि २४ ऐवजी ३३ मेगापिक्सेलच्या फायलींमुळे हार्ड डिस्कही वाढवाव्या लागल्या. वर्षाला दहा-पंधरा लग्ने करणाऱ्याला हा व्यवहार परवडेल असे मला वाटत नाही.

डी७५० मी विकलेला नाही. ७०-२०० मिमी लेन्स लावून तो दुसऱ्या खांद्यावर असतो, आणि घाईत सोनीची लेन्स बसवताना माझा हात अजून निकॉनच्या सवयीने उलटाच फिरतो.