मुलाखतीचं गाणं करावं, की अडखळणंही जपावं?

अमेरिकी लेखक स्टड्स टर्कल यांच्या ‘वर्किंग’ या मुलाखतींच्या पुस्तकात (१९७४) वेट्रेस, गवंडी, पोलादकामगार आपल्या कामाबद्दल बोलतात. त्यावरचं संगीतनाटक १९७८ साली ब्रॉडवेवर आलं आणि २४ प्रयोगांत थांबलं. गाण्यामुळे प्रेक्षक लवकर जोडला जातो, पण यमक जुळवताना गवंडी आणि वेट्रेस स्वतःच्या नव्हे, गीतकाराच्या भाषेत बोलू लागतात. त्यावर उपाय आहे: ध्रुवपद माणसाच्या स्वतःच्या वाक्यातूनच घ्यावं आणि गाण्याआधी दीड-दोन मिनिटं त्याला साधं बोलू द्यावं.

अमेरिकी नाटककार-अभिनेत्री ॲना डेव्हेअर स्मिथ यांची वाट वेगळी आणि आम्हाला अधिक प्रामाणिक वाटते. १९९२च्या लॉस एंजेलिस दंगलीवरच्या नाटकात मुलाखत दिलेली सगळी माणसं त्या एकट्याच उभ्या करतात, शब्द, थांबे, ‘अं’सकट. तासाभराच्या ध्वनिमुद्रणातून साधारण आठ-नऊ हजार शब्द निघतात. रंगमंचावर त्यातले तीन-चारशे पुरतात. म्हणून कापावं, पण व्याकरण सुधारू नये. माणूस जिथे अडखळतो तिथेच बहुधा तो खरा विचार करत असतो. पाठांतर कागदावरून नव्हे, कानाने करावं. लकबी मात्र जरा वाढल्या की नक्कल होते, प्रेक्षक हसतो आणि बोलणाऱ्याचा मान जातो.

मुलाखतीची परवानगी प्रयोगाला पुरत नाही. गाणं असो की हुबेहूब बोलणं, प्रयोगासाठी ती वेगळी, लेखी घ्यावी.