जैसलमेर, १६ महिन्यांनंतर: मुलाला घेऊन एकटीनं राहणाऱ्या आईचा अनुभव

सरकारी बँकेत प्रमोशन घेतलं की बदली राज्याबाहेर होऊ शकते, हे धरूनच चालायचं असतं. मे २०२४ च्या अखेरीस माझी ऑर्डर आली आणि तिच्यात जैसलमेर लिहिलेलं होतं. घटस्फोटाला तीन वर्षं झाली होती, मुलगा आठ वर्षांचा, माहेर सोलापूर, नोकरी पुण्यात. आईनं पहिला प्रश्न विचारला, "तिथं प्यायला पाणी तरी असतं का गं?" मी रात्र रात्र शोधत बसले, पण हाती लागलं ते सगळं दोन दिवसांच्या सहलीचं. किल्ला, उंट, सम गावच्या वाळूतले तंबू. लेकराला घेऊन एकटीनं तिथं रोजचं जगायचं कसं, हे कुणी लिहिलेलं मिळालं नाही. जून २०२४ ला आले, आता ऑक्टोबर २०२५ चालू आहे. माझ्यासारखी ऑर्डर हातात घेऊन बसलेल्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून सगळं लिहिते.

सगळ्यात आधी वेळेबद्दल, कारण माझ्या दृष्टीनं या गावाची खरी किंमत तीच आहे. पुण्यात मी मुलाला सकाळी सव्वासातला रिक्षात बसवायचे आणि रात्री आठला पाळणाघरातून उचलायचे. इथं गांधी कॉलनीतल्या घरापासून शाखा स्कूटीवर सात मिनिटं, शाळा दहा. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ६५ हजारांच्या घरात होती. आता वाढली असेल, पण हनुमान चौराह्यावर गाडी अडकून उशीर झाला असं माझ्या बाबतीत एकदाही झालेलं नाही. दुपारच्या सुट्टीत मी घरी येते, त्याचं ताट वाढते, शेजारी बसून दोन घास खाते आणि परत जाते. पुण्यात शाळेत काय झालं ते तो मला रात्री अंथरुणात सांगायचा. तोवर भांडण विझलेलं असायचं, आनंद शिळा झालेला असायचा. इथं तो दप्तर खांद्यावरून उतरवायच्या आत बोलायला लागतो. हा फरक मला पगारात मोजता येत नाही.

घर मिळायला मात्र तीन आठवडे लागले. "साहब कब आएंगे?" हा प्रश्न प्रत्येक दारात आला. मी पहिल्या दिवसापासून खरं सांगत गेले, साहेब येणार नाहीत. तीन ठिकाणी चहा पाजून नाही म्हणाले. चौथ्या घरी सत्तरीच्या आजी होत्या, इथं त्यांना सगळे दादीसा म्हणतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, आणि एवढंच विचारलं, "टाबर रोटी खावे है के नीं?" टाबर म्हणजे मूल. त्याच दिवशी सामान आणलं. खाली त्या, वर आम्ही. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची, भाडं ९,००० रुपये.

एक सल्ला इथंच देते. खोटं बोलून घर घेऊ नका. लहान गावात आठवड्यात सगळं कळतं, आणि ज्यांनी खरं ऐकून घर दिलं तेच पुढे अडीअडचणीला उभे राहतात.

उन्हाबद्दल सगळे भीती घालतात. मी सोलापूरची, ४४ अंश अंगावर घेत वाढलेली. पण हे ऊन वेगळं आहे. आम्ही आलो तेव्हा शेजारच्या फलोदीत २५ मे रोजी पारा ५० अंशांवर गेल्याचीच चर्चा सगळीकडे होती. घाम दिसतच नाही, येतो तसा वाळतो, त्यामुळे मुलाच्या अंगातलं पाणी कमी होतंय हे कळत नाही. पहिल्या पंधरा दिवसांत त्याचा तीनदा घोळणा फुटला. रक्तानं उशी भिजलेली बघून मी घाबरले होते. डॉक्टरांनी झोपताना नाकपुडीत आतून व्हॅसलिन लावायला सांगितलं, दादीसांनी खोलीत ओलं पोतं टांगायला सांगितलं. दोन्ही केलं, त्यानंतर नाही झालं. एसीच्या आधी चांगला मोठा कूलर घ्या. कोरड्या हवेत तो इतकं काम करतो की एप्रिल ते जून मला एसी फक्त मध्यरात्रीपर्यंत लागतो. पाऊस जवळ आला, हवा दमट झाली की मग कूलरचा उपयोग नाही. पाणी जड आहे, कूलरच्या जाळ्या क्षारानं पांढऱ्या पडून कडक होतात. दर मोसमाला नव्या घाला.

आईच्या प्रश्नाचं उत्तरही देऊन टाकते. पाणी आहे. शहराला इंदिरा गांधी कालव्याचं पाणी येतं. आमच्या गल्लीत नळाला एक दिवसाआड येतं, उन्हाळ्यात दोन दिवसांचं अंतर पडतं. घराखाली टांका आहे, म्हणजे जमिनीत बांधलेली टाकी, तिच्यावर भागतं. भाड्याचं घर बघताना खोल्यांच्या आधी टांका केवढा आहे ते विचारा.

वाळूची मात्र सवय व्हायला वर्ष गेलं. मे-जूनमध्ये आंधी येते. पश्चिमेकडचं आकाश तांबूस होतं, वारा थांबल्यासारखा वाटतो आणि मग भिंतच चालून येते. खिडक्यांच्या फटीत ओली फडकी कोंबली तरी ती आत येतेच. एकदा रात्री आंधी आली आणि मुलगा गाढ झोपेत होता. सकाळी तो उठला तेव्हा चादरीवर त्याच्या अंगाचा आकार तेवढा स्वच्छ राहिला होता, कुशीवर वळलेला, गुडघे पोटाशी घेतलेले, आणि भोवती सगळीकडे पीठ चाळल्यासारखी पिवळी वाळू. मी ती चादर बराच वेळ झटकली नाही.

शाळेचा अनुभव मिश्र आहे. शिकवणं चांगलं आहे, पोरं मोकळी आहेत, आणि तीन महिन्यांत मुलगा मारवाडी बोलायला लागला. त्याला सगळ्यात आनंद झाला तो ळ सापडल्याचा. हिंदीच्या पुस्तकात कुठे नसलेला ळ दादीसांच्या तोंडी सारखा येतो, काळो, पीळो. "आई, यांच्यात आपला ळ आहे!" असं ओरडत तो जिना चढून आला होता. पण प्रवेशाच्या वेळी कार्यालयात अर्ज परत केला गेला, वडिलांची सही नाही म्हणून. मी न्यायालयाचा ताब्याचा आदेश दाखवला, तरी "नियम आहे" हेच चाललं होतं. १९९९ साली गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आईलाही नैसर्गिक पालक म्हणून मान्यता दिली. तो खटला रिझर्व्ह बँकेच्या विरोधात होता, म्हणून बँकेतल्या माणसाला तो माहीत असतो. मी तो शांतपणे समजावला, आदेशाची प्रत अर्जाला जोडली, आणि दुसऱ्या खेपेला काम झालं. तो अपमान मी विसरलेले नाही. मुलगा शेजारी उभा राहून ऐकत होता. तुमच्या मुलाला तसं उभं राहायला लागू नये म्हणून सांगते: आदेशाच्या चार-पाच प्रमाणित प्रती निघायच्या आधीच काढून ठेवा, आणि मुलाला दुसऱ्या राज्यात नेण्याबद्दल आदेशात काय लिहिलंय ते वकिलाकडून वाचून घ्या. माझ्या आदेशात वडिलांशी भेटीची अट होती. ती रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आणि सुट्टीतल्या मुक्कामावर बसवायला मला कोर्टात एक अर्ज करावा लागला होता.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. ताप, सर्दी, लसी, पोट बिघडणं, एवढं इथं नीट होतं. त्यापुढचं बरंचसं जोधपूरला, आणि जोधपूर २८५ किलोमीटर. फेब्रुवारीत संध्याकाळी मुलगा सायकलवरून पडला आणि कोपर मोडलं. इथं एक्स-रे झाला, हाताला आधार बांधला, आणि सांगितलं, ऑपरेशन लागेल, रातोरात न्या. त्या वेळी साडेनऊ वाजले होते. पुण्यात असते तर वीस मिनिटांत तीन हॉस्पिटलं होती. दादीसांचा मुलगा सीझनमध्ये पर्यटकांची गाडी चालवतो. त्यानं काही न विचारता बोलेरो दारात आणली. मागच्या सीटवर मुलाचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले. प्रत्येक गतिरोधकाआधी तो गाडी जवळजवळ थांबवायचा आणि मागे न बघता म्हणायचा, "बाईसा, हाथ पकड़ो." पोखरणला मध्यरात्री चहा घेतला, पहाटे पोहोचलो, सकाळी तारा घालून हाड बसवलं. संमतीच्या कागदावर सही करताना पेन धरलेला माझा हात थरथरत होता. निर्णय वाटून घ्यायला कुणी नाही, ही गोष्ट मला त्या कागदाइतकी कधीच जाणवली नव्हती.

हात आता पूर्ण सरळ होतो. पण जे येणार आहेत त्यांनी हे धरूनच यावं. तुमच्या विम्याची कॅशलेस हॉस्पिटलं जोधपूरमध्ये कोणती ते आधी बघा, हाताशी तीस-चाळीस हजार रुपये मोकळे ठेवा, आणि रात्री गाडी काढेल असं एक माणूस पहिल्या महिन्यात जोडा. मुलाला दमा असेल, फिट्स येत असतील, नियमित तज्ज्ञ डॉक्टर लागत असेल, तर मी मनापासून सांगेन, येऊ नका. दुसरं ठाणं मागा.

आणि ८ मे २०२५ ची रात्र. नऊच्या सुमारास सायरन झाला, सगळं शहर काळोखात गेलं आणि आकाशात लाल ठिपके फुटायला लागले. पाकिस्तानी ड्रोन पाडले जात होते. दादीसा अंधारात जिना चढून वर आल्या, आम्हाला खाली घेऊन गेल्या. तळमजल्याच्या आतल्या खोलीत, पिवळ्या दगडाच्या जाड भिंतींमध्ये आम्ही सात जण फरशीवर पडून होतो. पंखा नाही, मी ओल्या टॉवेलनं मुलाला वारा घालत होते. १९७१ च्या युद्धात, जवळच्या लोंगेवालाच्या लढाईच्या वेळी इथंच कसं पडून होतो, हे दादीसा त्याला हळू आवाजात सांगत होत्या आणि तो झोपला. मला त्या रात्री इथं आल्याचा पश्चात्ताप झाला, हे लपवणार नाही. शाळा बंद झाल्या, गाड्या रद्द झाल्या, शाखा मात्र उघडायचीच होती, कारण लोकांना पैसे हवे होते. १० तारखेला शस्त्रसंधी झाली. सीमेजवळचं गाव आहे, हे बदलीच्या ऑर्डरवर लिहिलेलं नसतं.

आणखी एक आश्चर्य इथल्या पावसानं दिलं. वर्षाकाठी जेमतेम दीड-दोनशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या गावात ऑगस्ट २०२४ च्या पहिल्या आठवड्यात असा कोसळला की गल्लीतून पाणी वाहत होतं आणि इथल्या सोनार किल्ल्याच्या भिंतीचा एक भाग ढासळला. मुलगा गच्चीवर नाचत होता, आणि शेजारचे म्हातारे हात जोडून उभे होते.

सुट्टीचे दिवस भरपूर सुंदर जातात. रविवारी सकाळी गडीसर तलावावर जाऊन माशांना खाऊ घालतो. पण मुलाच्या मनात कायमचं बसलंय ते माळढोकाचं. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्या आजोबांनी त्याला चारदा नेलं होतं, एकदाही पक्षी दिसला नव्हता. आजोबा दर वेळी म्हणायचे, पूर्वी इथं कळपानं असायचे. जगात उरलेले बहुतेक माळढोक आज याच जिल्ह्यात आहेत, इथं त्याला गोडावण म्हणतात आणि तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. नोव्हेंबरच्या एका सकाळी आम्ही डेझर्ट नॅशनल पार्कच्या सुदासरी भागात गेलो. थंडीनं हात आखडले होते. दोन तासांनी लांब सेवण गवतात एक मान वर आली. पांढरी, ताठ, काळी टोपी घातलेली. मग दुसरी. मुलानं दुर्बीण माझ्या हातात दिली आणि तिथूनच आजोबांना फोन लावला. रेंज नव्हती. परत येताना पूर्ण वाट तो फोनकडे बघत बसला होता, आणि पहिली काडी दिसल्याबरोबर ओरडला, "आबा, दोन! दोन बघितले!" पलीकडे माझे वडील काही बोललेच नाहीत थोडा वेळ.

मराठी बोलायला कुणी मिळेल का, हा प्रश्न येणारच. सैन्यातली आणि पवनचक्क्यांवर काम करणारी मराठी माणसं आहेत. पण मला पहिली मराठी हाक आली ती सराफ्यात. सांगलीकडचे गलाई, सोनं-चांदी गाळणारे, देशभर पसरलेत हे ऐकून होते. इथंही विट्याकडचं एक कुटुंब निघालं. मी फोनवर आईशी बोलत चालले होते, आणि दुकानातून आवाज आला, "ताई, कुठल्या तुम्ही?" गेल्या दोन्ही गणेशोत्सवांत आम्ही त्यांच्याकडे आरतीला होतो. मुलगा त्यांच्या घरातल्या बाईंना मामीच म्हणतो.

येणार असाल तर जमल्यास जुलै-ऑगस्टमध्ये या. तेव्हा पर्यटक कमी असतात, घरं रिकामी असतात आणि भाव करता येतो. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत सगळं महाग. पालेभाजी कमी मिळते, त्याची भरपाई केर-सांगरी (वाळवंटातल्या झाडांच्या फळा-शेंगांची भाजी), कढी आणि ताक यांवर होते. स्वेटर नक्की आणा, जानेवारीच्या रात्री हाडं गोठतात. ज्वारीचं पीठ मला इथं अजून मिळालेलं नाही, ते सोलापूरहून पार्सलनं येतं, कडक भाकरी आणि शेंगाचटणीही त्याच खोक्यात. बाजरीचं मात्र आणू नका. दादीसांच्या चुलीवरचा सोगरा खाल्ल्यापासून माझा मुलगा माझी बाजरीची भाकरी ताटात घेत नाही.